शुद्ध पाणी कोणाच्या जिवावर?

१० ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या कासारवाडी येथील जलतरण तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली. पोहण्यासाठी आलेल्या नागरिकांना आणि तलावावरील कर्मचाऱ्यांना खोकल्याची उबळ आली, घशाची व डोळ्यांची आग होऊ लागली, श्वास घेणे कठीण झाले. दहाहून अधिक माणसांना रुग्णालयात हलवावे लागले. सुदैवाने कोणी दगावले नाही, आणि कोणी दगावले नाही म्हणूनच ही घटना चार दिवसांत विस्मृतीत गेली. कासारवाडी आणि पिंपळे गुरव यांच्यामध्ये फक्त पवनेचे पात्र आहे. वारा त्या सकाळी कोणत्या दिशेला वाहत होता आणि गळती किती वेळ चालली, यावर अलीकडच्या आणि पलीकडच्या तीरावरील माणसांचे भवितव्य ठरणार होते. नागरी सुरक्षितता वाऱ्याच्या लहरीवर सोपविली जाणे ही गोष्ट कोणत्याही महानगराला भूषणावह नाही.

जलतरण तलावासाठी लागणारा क्लोरीन हा शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी लागणाऱ्या क्लोरीनच्या मानाने क्षुल्लक असतो. पिंपळे गुरवच्या नळाला येणारे पाणी पवना धरणातून सुटते, नदीच्या पात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत वाहत येते, तेथून उचलून निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात नेले जाते आणि मग शहरभर वाटले जाते. अलीकडे आंद्रा धरणाच्या पाण्यासाठी चिखलीलाही शुद्धीकरण केंद्र उभे राहिले आहे. महाराष्ट्रातील लहानमोठ्या नगरपालिकांची शुद्धीकरण केंद्रे दाबाखाली द्रवरूप केलेल्या क्लोरीनवर वर्षानुवर्षे चालत आली आहेत. हा वायू ज्या आडव्या लोखंडी नळकांड्यांतून येतो, त्यांना कामगारांच्या भाषेत ‘टनर’ म्हणतात. एका टनरमध्ये सुमारे ९०० किलो क्लोरीन असतो. तेव्हा कासारवाडीचा प्रसंग हा एका तलावापुरता अपघात नव्हे, तर पाणीपुरवठ्याच्या साऱ्या व्यवस्थेला मिळालेला इशारा आहे, असेच त्याकडे पाहिले पाहिजे.

येथे एक गोष्ट प्रथम स्पष्ट केली पाहिजे. क्लोरीन विषारी आहे म्हणून तो पाण्यातून काढून टाका, असे म्हणणे हा भाबडेपणा ठरेल. आणि त्याची किंमत गरिबांनाच मोजावी लागेल. ज्यांच्या घरी गाळणयंत्र आहे आणि जे बाटलीबंद पाणी विकत घेऊ शकतात, त्यांचे क्लोरीनवाचून फारसे अडणार नाही. ज्याचा सारा भरवसा नळावर आहे, त्याचे मात्र अडेल. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागी सांडपाणी मिसळले आणि पुढील काही आठवड्यांत २९,३०० माणसांना कावीळ झाली. त्या वेळी क्लोरीनची मात्रा वाढविण्यात आल्यामुळे विषमज्वर व हगवण यांची साथ उसळली नाही. काविळीचा विषाणू मात्र त्याला पुरून उरला. आणखी जवळचे उदाहरण २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीतले आहे. सिंहगड रस्ता परिसरातील नांदेड, किरकिटवाडी, धायरी या भागांत गिलियन-बारे विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा विहिरीच्या पाण्याचे शुद्धीकरण पुरेसे होते की नाही हाच प्रश्न ऐरणीवर आला. पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण निघाले, आणि या आजाराने ग्रासलेला पिंपळे गुरवचा एक रहिवासी मरण पावला. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला पाहिजे; विषाणूंपासून संरक्षण हवे तेथे हे प्रमाण ०.५ मिलिग्रॅम असावे, अशी अपेक्षा आहे. शहराचे आरोग्य मिलिग्रॅमच्या एवढ्या लहानशा अंशावर उभे आहे.

म्हणजे प्रश्न शुद्ध पाणी की सुरक्षित जीवन, असा नाही. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन लाखो घरांपर्यंत पोहोचविण्यासाठी काही टन क्लोरीन एका जागी साठवावा लागतो, आणि त्या साठ्याचा धोका कोणाच्या वाट्याला येतो, हा खरा प्रश्न आहे.

क्लोरीनचे काही गुणधर्म सामान्य नागरिकालाही ठाऊक असले पाहिजेत. हा पिवळसर हिरवा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड आहे. तो धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा उताराकडे सरकतो आणि खोलगट जागी साचून राहतो. द्रवरूप क्लोरीन एक लिटर सांडला तर त्याचा साडेचारशे लिटरांच्या आसपास वायू होतो. कोरडा क्लोरीन लोखंडात सुखाने राहतो. पण त्याला ओलावा मिळाला की आम्ल तयार होऊन तो लोखंड खाऊ लागतो. म्हणूनच गळणाऱ्या टनरवर पाण्याचा फवारा मारू नये, हा या कामातला पहिला धडा आहे. पाण्याने गळती थांबत नाही, भोक मोठे होते. टनर गळू लागला तर तो असा फिरवावयाचा की गळतीची जागा वर येईल, म्हणजे द्रवाऐवजी वायू बाहेर पडेल आणि हानी कित्येक पटींनी कमी होईल. गळती शोधण्यासाठी अमोनियाच्या द्रावणाचा बोळा जोडाजवळ न्यावयाचा. पांढरा धूर दिसला की जागा सापडली. नळी प्रत्येक वेळी जोडताना नवा वॉशर वापरावयाचा, जुना पुन्हा लावावयाचा नाही. सुटलेला वायू शोषून घेण्यासाठी कॉस्टिक सोड्याचे किंवा चुन्याच्या निवळीचे कुंड तयार ठेवावयाचे. वायू जमिनीलगत राहत असल्याने तो खेचून घेणारा पंखा छताजवळ नव्हे तर जमिनीलगत बसवावयाचा. यात गूढ असे काही नाही. क्लोरीन हाताळण्याची भारतीय मानक संहिता, आयएस ४२६३, १९६७ पासून अस्तित्वात आहे.

ज्ञान आहे, नियम आहेत, उपकरणेही बाजारात मिळतात. तरीही अपघात होतात, याचे कारण या साऱ्याच्या शेवटी जो माणूस उभा असतो त्याच्या स्थितीत शोधले पाहिजे. मध्यरात्री टनर बदलण्याची वेळ येते तेव्हा तेथे अभियंता नसतो, अधिकारी नसतो. तेथे रात्रपाळीचा ऑपरेटर असतो आणि नशीब बरे असेल तर जोडीला एखादा मदतनीस. स्वतंत्र हवेची टाकी असलेला मास्क कपाटात कुलूपबंद असेल आणि किल्ली दिवसपाळीच्या माणसाकडे असेल, तर तो मास्क असून नसल्यासारखाच. वॉशरचा साठा संपला आहे, असे त्याने चार वेळा कळविले आणि कोणी दखल घेतली नाही, तर तो पाचव्या वेळी जुनाच वॉशर लावील. कारण सकाळी शहराला पाणी गेले नाही तर त्याची नोकरी जाणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. अपघात झालाच तर चौकशीच्या अहवालात ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’ हे शब्द उमटतात. व्यवस्थेचा निष्काळजीपणा सर्वांत खालच्या माणसाच्या नावावर चढविण्याची ही रीत जुनी आहे.

त्यातच कंत्राटी पद्धतीने या कामाचा पायाच पोखरला आहे. पाणीपुरवठा हे काही हंगामी काम नव्हे. शहर आहे तोवर ते चालणार आहे. तरीही पंप चालविणे, व्हॉल्व्ह सोडणे, टनर जोडणे अशी कामे निविदा काढून सर्वांत कमी बोली लावणाऱ्याकडे देण्याची प्रथा राज्यभरातील नगरपालिकांत रूढ झाली आहे. क्लोरीनच्या कामात अनुभवाला जे मोल आहे ते पुस्तकी शिक्षणाला नाही; व्हॉल्व्ह उघडताना हाताला लागणारा जोर, जोडाजवळचा किंचित वास, सकाळच्या थंड हवेत वायू कसा बसून राहतो याची जाण, हे सारे वर्षांच्या सरावाने येते. कंत्राट बदलले की माणसे बदलतात आणि हे संचित वाऱ्यावर जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेने १९४८ चा कारखाना कायदा आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा या दोहोंची जागा घेतली. १९७० च्या मूळ कायद्यात कंत्राटी कामगारांसंबंधीच्या तरतुदी लागू होण्यास २० कामगार पुरेसे होते. नव्या संहितेत ही मर्यादा ५० आहे. शुद्धीकरण केंद्रावर काम करणारी माणसे पाच-दहा असतात. धोका कामगारांच्या संख्येवर अवलंबून नसतो, तो साठ्यावर अवलंबून असतो, ही साधी गोष्ट कायदा करणाऱ्यांना उमगली नाही असे मानणे कठीण आहे.

या बाबतीत देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जे सांगून ठेवले आहे त्याचे स्मरण करून देणे अगत्याचे आहे. भोपाळच्या नरसंहाराला एक वर्ष होत असतानाच, ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीतील श्रीराम फूड अँड फर्टिलायझर या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. याच कारखान्यात क्लोरीनचेही उत्पादन होत असे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पीठाने फेब्रुवारी १९८६ मध्ये कारखाना पुन्हा सुरू करण्यास अनुमती दिली, ती कडक अटी घालून. क्लोरीनच्या विभागातील प्रत्येक कामगाराला प्रशिक्षण मिळाले पाहिजे. कामगारांच्या प्रतिनिधींची सुरक्षा समिती नेमली पाहिजे. क्लोरीनचा शरीरावर काय परिणाम होतो आणि तातडीने कोणते उपचार करावयाचे, याचा तक्ता प्रत्येक विभागात आणि दारावर इंग्रजी व हिंदीत लावला पाहिजे. आसपासच्या लोकांना वेळेवर सावध करण्यासाठी ध्वनिक्षेपक बसविले पाहिजेत, अशा त्या अटी होत्या. पुढे २० डिसेंबर १९८६ च्या निकालात न्यायालयाने एक मूलभूत तत्त्व मांडले: जो उद्योग धोकादायक व्यवहार करतो त्याचे समाजाप्रती कर्तव्य निरपवाद असते आणि ते दुसऱ्या कोणावर सोपविता येत नाही.

हे शेवटचे वाक्य प्रत्येक महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाच्या भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. काम कंत्राटदाराकडे देता येईल, जबाबदारी देता येणार नाही. आणि जी काळजी घेण्याचा आदेश न्यायालयाने १९८६ मध्ये एका खासगी मालकाला दिला, ती काळजी जनतेच्या पैशाने चालणाऱ्या आणि जनतेच्या नावाने कारभार करणाऱ्या संस्थेने स्वतः होऊन घ्यावयास नको काय? समाजवादी विचाराने सार्वजनिक मालकीचा पुरस्कार केला, तो नफ्याचा दबाव नसला की माणसाच्या जिवाची कदर अधिक होईल या विश्वासाने. सार्वजनिक संस्थाच सर्वांत स्वस्त कंत्राटदार शोधू लागली तर तो विश्वास आतून पोकळ होतो, आणि पाणीपुरवठ्याच्या खासगीकरणाचा आग्रह धरणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळते.

आता केंद्राच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या माणसांचा विचार करू. क्लोरीन उताराकडे जातो, हे वर सांगितले आहे. शहरात उताराला कोण राहते? पवना-मुळेला पूर आला की सांगवी, दापोडी, पिंपळे गुरव येथील नदीकाठच्या ज्या घरांत पाणी शिरते, ती घरे कोणाची असतात? उंचवट्याची जागा ज्यांना परवडत नाही ते नदीकाठी आणि नाल्याकाठी राहतात. पाणी प्रथम त्यांच्याकडे येते आणि विषारी वायूही प्रथम त्यांच्याकडेच येईल. भोपाळमध्ये हेच झाले. तेथे माणसे वायूने मेली, तशीच अज्ञानानेही मेली: ओले फडके तोंडावर धरावे, वाऱ्याला आडवे होऊन दूर जावे, एवढेही त्यांना कोणी सांगितले नव्हते. क्लोरीनच्या बाबतीत सांगावयाचे ते फार नाही. खोलगट जागेकडे आणि नदीपात्राकडे पळू नये; वाऱ्याच्या आडव्या दिशेने व उंचावर जावे; घर दूर असेल तर दारे-खिडक्या बंद करून वरच्या मजल्यावर थांबावे; आणि वायू छातीत गेलेल्या माणसाला बरे वाटू लागले तरी त्याला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे, कारण फुप्फुसांत पाणी भरण्याचा प्रकार काही तासांनंतरही उद्भवू शकतो. एवढी माहिती देणारे पत्रक छापण्यास कितीसा खर्च येतो? लोक घाबरतील, म्हणून सांगत नाही, असे उत्तर अधिकाऱ्यांकडून ठरलेले असते. लोक अज्ञानात असतात तेव्हाच घाबरतात. ज्याला काय करावयाचे ते ठाऊक आहे तो चेंगराचेंगरी करीत नाही.

धोका केवळ वापरातल्या टनरांचा नसतो, विसरलेल्यांचाही असतो. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर भागात पोर्ट ट्रस्टच्या आवारात अनेक वर्षे बेवारस पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरांतून क्लोरीन गळला आणि शंभरावर माणसांना त्याची बाधा झाली. त्यांत कामगार होते, विद्यार्थी होते, मदतीला धावलेले अग्निशामक जवानही होते. क्लोरीनच्या नळकांड्याची दाबचाचणी ठराविक मुदतीने झाली पाहिजे, असा नियम आहे. परंतु जे नळकांडे कोणाच्याच नोंदवहीत नाही त्याची चाचणी कोण करणार? प्रत्येक जलशुद्धीकरण केंद्राच्या मागच्या आवारात आणि जुन्या पंपघरात काय पडले आहे, याची मोजदाद हे म्हणूनच पहिले काम ठरते.

याहून पुढचे पाऊलही टाकता येण्यासारखे आहे. धोका सांभाळण्यापेक्षा तो मुळातून कमी करणे श्रेयस्कर. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून लागेल तेवढे सौम्य हायपोक्लोराइट जागच्या जागी तयार करता येते. एक किलो क्लोरीनसाठी सुमारे तीन ते साडेतीन किलो मीठ आणि पाच युनिटांच्या आसपास वीज लागते. या पद्धतीत टनर नसतो, दाबाखालचा साठा नसतो. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील ब्लू प्लेन्स सांडपाणी केंद्रात क्लोरीनचा मोठा साठा होता. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही आठवड्यांत तेथील प्रशासनाने तो हलवून हायपोक्लोराइटचा वापर सुरू केला. दहशतवाद्याच्या भयाने जे आठवड्यांत होऊ शकते ते कामगाराच्या जिवासाठी वर्षानुवर्षे होत नाही, हे जगाच्या अग्रक्रमाचे विदारक दर्शन आहे. अर्थात कोणतीही पद्धत सर्वस्वी निर्धोक नसते. या प्रक्रियेत हायड्रोजन निघतो, त्यामुळे हवा खेळती राखावी लागते. आणि विकतच्या हायपोक्लोराइटमध्ये चुकून आम्ल किंवा तुरटीचे द्रावण मिसळले तर त्यातूनही क्लोरीन सुटतो. यंत्र बदलले तरी शिकलेला आणि कायम असलेला माणूस लागतोच.

खर्चाचा आक्षेप घेतला जाईल. आशिया खंडातील श्रीमंत नगरपालिकांत आपली गणना व्हावी, अशी ज्या शहराची आकांक्षा राहिली, त्या पिंपरी-चिंचवडने हा आक्षेप घेणे शोभणारे नाही. शिवाय या शहराच्या पाण्याची किंमत इतरांनी याआधीच मोजली आहे. पवना धरणासाठी मावळातील शेतकरी विस्थापित झाले. धरणातून थेट जलवाहिनी आणण्याच्या योजनेला विरोध करणाऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. जेथून पाणी येते तेथे शेतकरी, जेथे ते शुद्ध होते तेथे कंत्राटी कामगार आणि जेथून ते वाहून जाते तेथे गटारात उतरणारा सफाई कामगार, अशी ही साखळी आहे. नळ उघडणाऱ्याला यांपैकी कोणीही दिसत नाही.

आणखी एका गोष्टीची नोंद घेतली पाहिजे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. कासारवाडीची गळती झाली तेव्हा या शहरात लोकनियुक्त सभागृहच नव्हते. विहित मुदतीत निवडणूक घेण्याची हमी देणारी ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून अमलात आहे. तरीही एवढ्या मोठ्या शहरात जाब विचारण्याची जागा रिकामी राहिली. सुरक्षितता हा तांत्रिक विषय आहे, असे म्हणून तो तज्ज्ञांवर सोडून देता येत नाही. तो उत्तरदायित्वाचा, म्हणजेच लोकशाहीचा विषय आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा उपयोग करून प्रत्येक शुद्धीकरण केंद्र, पंपघर, मैलाशुद्धीकरण केंद्र आणि जलतरण तलाव येथील क्लोरीनचा साठा, नळकांड्यांच्या दाबचाचणीचे दाखले, कामगारांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी आणि शेवटची रंगीत तालीम केव्हा झाली याची माहिती मागवावी. टनर हाताळणारा प्रत्येक कामगार महापालिकेच्या कायम आस्थापनेवर असावा, कोणत्याही पाळीत एकट्या माणसाला या कामावर ठेवू नये, आणि सुरक्षा समितीत कामगारांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत, अशी मागणी संघटनांनी लावून धरावी. धोका दिसताच काम थांबविण्याचा अधिकार ऑपरेटरला लेखी मिळावा. वस्तीतील रहिवाशांसाठी मराठी व हिंदीत पत्रके निघावीत, भोंगा बसावा, वर्षातून दोनदा तालीम व्हावी. टनरांची जागा घेणाऱ्या पद्धतीचे मुदतबद्ध वेळापत्रक महापालिकेने जाहीर करावे.

पिंपळे गुरवमधील महापालिकेच्या नाट्यगृहाला निळू फुले यांचे नाव आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडलेला तो कलावंत आयुष्यभर सामान्यांच्या चळवळींशी नाते राखून होता. त्याच सभागृहात पाणीपुरवठा विभागाच्या अधिकाऱ्यांनी येऊन, कामगारांना शेजारी बसवून, रहिवाशांच्या प्रश्नांना जाहीर उत्तरे द्यावीत. क्लोरीन किती आहे, कोठे आहे, तो कोण हाताळतो आणि गळला तर काय करावयाचे, एवढेच ते चार प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे मिळविणे हा पाणीपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे. आणि जो रात्री टनर जोडतो त्याचा हक्क तर त्याआधीचा आहे.